दिवाळी अंक आणि सुपरहिरोंची फौज

सणासाठी नियतकालिकाचा खास अंक काढण्याची चाल धंद्यातून आली. सणाला घरात सुट्टी असते, हातात चार पैसे खुळखुळत असतात आणि दुकानदारांना जाहिरात करायची असते. या तीन गोष्टी जुळल्या की जाड अंक खपतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सने 1850 पासून ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या आपल्या साप्ताहिकाचे नाताळ अंक काढले आणि पुढे तिथल्या बहुतेक नियतकालिकांनी तो कित्ता गिरवला. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्गापूजेचे अंक निघू लागले. मराठीत हा मान दिवाळीला मिळाला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा 1909 चा दिवाळी अंक या परंपरेचा आरंभ मानला जातो. त्याआधी ‘मित्रोदय’ने 1905 मध्ये दिवाळीप्रीत्यर्थ अंक काढला होता, असा दाखलाही अभ्यासक देतात. मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगालीचा त्यांना व्यासंग होता आणि इंग्रजी नाताळ अंकही त्यांच्यासमोर होते. त्यामुळे मराठी दिवाळी अंक दोन्हीकडच्या वळणावर घडला.

हा अंक मोठ्यांच्या कथा-कवितांपुरता राहिला नाही. मुलांची मासिके, साप्ताहिके आणि चित्रकथाही हळूहळू दिवाळीच्या बाजारात उतरल्या. इंग्रजीत या वाटेचे टोक म्हणजे सुपरहिरोंच्या संघाचा नाताळ अंक. मराठीत तसा अंक रुजला नाही. सण आणि वीर दोन्ही मराठी मुलांपर्यंत पोचले, पण वेगवेगळ्या नियतकालिकांतून. असे का घडले, हे वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिले तर अधिक उलगडते, कारण तिथे पुणे-मुंबईचे अंक, नागपूरचे मासिक आणि हिंदी कॉमिक्स असे तिन्ही प्रवाह येऊन मिळत.

अमेरिकेतला नमुना

सुपरहिरोंचा पहिला संघ अमेरिकेत 1940 मध्ये ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात आला. त्याचे नाव ‘जस्टिस सोसायटी’. एकाच अंकात अनेक नायक मिळाले तर त्या सगळ्यांचे वाचक एकत्र येतात, हा त्यामागचा हिशेब होता. 1960 मध्ये ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ सुरू झाले तेही याच हिशेबाने. संघाच्या मासिकाला सण फार सोयीचा पडतो. सगळे नायक एका छपराखाली जमतात, एकमेकांना भेटी देतात आणि नेमके तेव्हाच संकट येते.

‘जस्टिस लीग’चा 110 वा अंक हे याचे ठळक उदाहरण आहे. लेन वीन यांची कथा आणि डिक डिलिन यांची चित्रे असलेल्या या अंकात सांताक्लॉजच्या वेशातल्या माणसाचा खून होतो आणि लीगचे सदस्य ऐन नाताळात खुन्याचा माग काढतात. शेवटी रेड टॉर्नेडो या यांत्रिक सदस्याला त्याचे सहकारी नवा पोशाख भेट देतात. कथेतला गुन्हा बाजूला ठेवला तरी घरातला सण शिल्लक राहतो, अशी ही रचना आहे. अंकावर 1974 चा एप्रिल महिना छापलेला आहे, पण तो विक्रीला आला 1973 च्या डिसेंबरात. अमेरिकन कॉमिक्सवर पुढचा महिना छापण्याची पद्धत होती. अंक जुना दिसू नये आणि दुकानदाराने तो जास्त दिवस मांडून ठेवावा, हा तिचा हेतू. त्याच सुमारास मार्व्हलने आपल्या नायकांच्या नाताळ कथांचा मोठ्या आकाराचा संग्रह काढायला सुरुवात केली. व्हरमाँट राज्यातल्या रटलंड गावी हॅलोविनची मिरवणूक निघते. तिथे नायक जमतात अशा कथा 1970 च्या सुमारास ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आणि ‘जस्टिस लीग’ या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दोन्ही मालिकांत आल्या.

मराठी मुलांची मासिके आणि दिवाळी

मराठीत मुलांसाठी नियतकालिके एकोणिसाव्या शतकातच निघाली. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ 1881 मध्ये सुरू झाले. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 मध्ये आले. त्यांतले वीर होते पुराणातले, इतिहासातले आणि चरित्रातले: शिवाजी महाराज, राणा प्रताप, नेपोलियन. मुलाला शहाणे करणे हा संपादकांचा उद्देश होता आणि वीर त्या उद्देशाला धरून निवडला जाई.

विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव म्हणजे नागपूरचे ‘मुलांचे मासिक’. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोडक यांनी ते सुरू केले आणि अनेक दशके चालवले. त्या काळी वर्धा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी होती नागपूर. पुण्या-मुंबईचे अंक लांबून येत, नागपूरचे मासिक मात्र शेजारच्या शहरातून. नागपूर ते वर्धा या रेल्वेमार्गावर सिंदी आणि सेलू रोड ही स्थानके आहेत. तालुक्यातले छापील वाचन बरेचसे या लोहमार्गाच्या आणि नागपूर-वर्धा रस्त्याच्या आधाराने आले. प्रांत हिंदी-मराठी असा द्वैभाषिक होता. वर्ध्यात 1936 मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समितीही स्थापन झाली. त्यामुळे इथल्या मुलाला हिंदी वाचणे परके नव्हते. 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तरी वाचनाची ही सवय मोडली नाही. पुढे हिंदी कॉमिक्सचा खप या पट्ट्यात झाला, त्याची मुळे या इतिहासात आहेत.

1952 च्या एप्रिलमध्ये मद्रासहून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा विक्रम आणि त्याला कोडे घालणारा वेताळ ही त्याची ओळख झाली. शंकर यांचे ते चित्र महिन्यामागून महिने तसेच येई. ‘चांदोबा’ अनेक भाषांत एकाच साच्यातून निघे, म्हणून त्यातले सणही सगळ्या भारताला चालतील असे असत. दीपावलीचे अंक निघाले, पण त्यांतली दिवाळी कुठल्या एका गावाची नव्हती.

दिवाळी अंकाचे गणित

मराठी दिवाळी अंक कसा उभा राहतो हे समजले, की त्यात सुपरहिरो का बसला नाही हेही समजते. मासिकाचा दिवाळी अंक बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक असतो. नेहमीच्या अंकाच्या तिप्पट-चौपट पाने, रंगीत मुखपृष्ठ आणि भरपूर जाहिराती. छपाईचा खर्च बराचसा जाहिरातीतून निघतो. तिथीप्रमाणे दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकते, अधिक महिना आला की ती लांबते. त्याप्रमाणे मजकूर मागवण्याचे आणि छापखान्याचे वेळापत्रकही मागेपुढे होते. वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात आणि सभासदांमध्ये ते अंक शिमग्यापर्यंत फिरत राहतात. म्हणजे अंक एकाच घरात थोरामोठ्यांनी आणि मुलांनी आलटून पालटून वाचायचा, पुढच्या घरी द्यायचा आणि पुढल्या दिवाळीपर्यंत पुरवायचा.

अशा अंकाला क्रमशः चालणारी कथा परवडत नाही, त्यात प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपली पाहिजे. म्हणून दिवाळी अंकात कथा, कविता, विनोद आणि व्यंगचित्र यांना मान मिळाला. मधुकर पाटकर यांनी 1951 मध्ये सुरू केलेला ‘आवाज’ त्याच्या खिडकी चित्रांमुळे गाजला. पानाला पाडलेल्या कापातून एक दिसते आणि पान उलटले की दुसरेच निघते, ही त्यातली गंमत. ती दिवाळीपुरतीच शोभणारी आणि हातकामाने महागही पडणारी. सुपरहिरोचे कॉमिक नेमके उलट चालते. ते स्वस्त आणि पातळ असते, दर पंधरवड्याला किंवा आठवड्याला येते, आणि पुढचा अंक घ्यायला लावते.

सेलू परिसरात दिवाळी म्हणजे कापसाच्या वेचणीचा हंगाम. पांढरे सोने घरात येण्याच्या या दिवसांत हातात पैसा येई तो दिवाळीच्या आगेमागे, आणि त्यावर पहिला हक्क कपड्यांचा, उधारीचा आणि मजुरीचा. चित्रांतली दिवाळीही इथली नसे. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या अंकांत हमखास मातीचा किल्ला, त्यावरचे मावळे आणि पहाटेचे अभ्यंगस्नान दिसे. किल्ला करण्याची हौस मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची. वर्ध्याच्या गावांत पाडव्याला गायगोधन असते, गोवारी मंडळी ढाल नाचवतात, गुरे सजवून फिरवतात. ही दिवाळी छापील पानावर क्वचितच आली. मुलांच्या सणाचे म्हणाल तर या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हाच मोठा. लाकडी नंदी ओढत मुले घरोघर बोजारा मागतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. सेलू तालुक्यातल्या सिंदीचा तान्हा पोळा त्याच्या मोठमोठ्या नंदींसाठी विदर्भभर प्रसिद्ध आहे. मुलांच्या मराठी नियतकालिकांनी या सणाचे मोठे विशेषांक काढण्याची परंपरा उभी केली नाही, कारण जाहिरातदाराचा हंगाम दिवाळीचा होता.

वेताळ, मँड्रेक आणि बहादूर

मराठीत सुपरहिरो आला तो दिवाळी अंकाच्या बाहेरून. 1964 च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांनी 1934 मध्ये निर्माण केलेला जादूगार मँड्रेक आणि 1936 मध्ये निर्माण केलेला फँटम हे त्याचे आधारस्तंभ. इंग्रजीबरोबर इतर भारतीय भाषांत आणि मराठीतही या कथा निघाल्या. फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. जांभळा पोशाख, कवटीची अंगठी, ‘डेविल’ नावाचा लांडगा आणि कवटीच्या आकाराची गुहा हे सगळे मुलांना तोंडपाठ झाले. भारतीय आवृत्तीत स्थळांची नावेही बदलली. वेताळाच्या जंगलाचे नाव मुळात बंगालशी मिळतेजुळते होते, ते ‘डेंकाली’ झाले. मुखपृष्ठे भारतात रंगवली जात आणि त्यांत ब. गोविंद यांचे काम विशेष वाखाणले गेले.

वेताळ एकटा लढे. तरी ‘इंद्रजाल’मध्ये संघाची कल्पना होतीच. वेताळाच्या हुकमाखाली जंगलात गस्त घालणारे सशस्त्र दल होते आणि मँड्रेकसोबत बलदंड लोथार असे. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा भारतीय नायक आणला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला हा तरुण डाकूचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच त्याला वाढवलेले. त्याच्याकडे अलौकिक शक्ती नव्हती. गावकऱ्यांना एकत्र करून दरोडेखोरांशी लढणारे नागरिकांचे दल त्याने उभारले. चंबळच्या खोऱ्यातल्या या कथा संघाच्या कथाच होत्या, फक्त संघात अंगरखे घातलेले देव-दानव नव्हते. खेड्यातल्या वाचकाला तेवढ्यामुळेच बहादूर जवळचा वाटला.

‘इंद्रजाल’ला दिवाळी साजरी करणे अवघड होते. बहुतेक कथा अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लिहिलेल्या पट्ट्यांतून घेतलेल्या. त्यांतली पात्रे, ऋतू आणि सण तिकडचे. त्यात मजकूर घुसडण्याची मुभा मर्यादित होती. शिवाय एकच अंक अनेक भाषांत निघत असल्याने दिवाळी, पूजा आणि ओणम यांपैकी कुणाची बाजू घ्यायची हाही प्रश्न होता. 1990 च्या एप्रिलमध्ये ही मालिका थांबली, तोवर ती साप्ताहिक झालेली होती.

दरम्यान अनंत पै यांनी 1967 मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी मराठी नावे ठळक आहेत. या मालिकेने पुराणातला वीर कॉमिक्सच्या चौकटीत बसवला. 1980 च्या दशकात निघालेली तिची 42 भागांची ‘महाभारत’ मालिका म्हणजे पाच भावांच्या पथकाची दीर्घ चित्रकथाच होती. सेलू तालुक्यातल्या मुलांना त्यातला एकचक्रा नगरीचा भाग खास आपला. भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रा म्हणजे आपल्या तालुक्यातले केळझर, अशी इथली परंपरागत समजूत आहे आणि सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे ते गाव यात्रेकरूंना माहीत आहे.

1980 च्या दशकाच्या मध्यानंतर हिंदी ‘राज कॉमिक्स’ने नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा, परमाणू अशी फौज उभी केली. नागराजच्या सुरुवातीच्या काळातील कथा ‘अमर चित्र कथे’च्या प्रताप मुळीक यांनीच चितारल्या. पुढे या नायकांचा ‘ब्रह्मांड रक्षक’ हा संघही झाला. अमेरिकन अर्थाने सुपरहिरोंच्या संघाची भारतीय मालिका हीच. ती हिंदीत असल्यामुळे नागपूर-वर्धा पट्ट्यातल्या मुलाला भाषांतराची वाट पाहावी लागली नाही. मराठी प्रकाशकांनी मात्र त्या तोडीची स्वतःची मालिका उभी केली नाही.

बंगालशी तुलना

मराठीत न घडलेली गोष्ट बंगालीत घडली. 1948 मध्ये सुरू झालेल्या ‘शुकतारा’ या मुलांच्या मासिकात नारायण देबनाथ यांनी 1965 पासून ‘बाँटुल दि ग्रेट’ हा अचाट ताकदीचा नायक रंगवला. हाफ पँट, अनवाणी पाय आणि गोळी लागली तरी काही न होणारी छाती असा हा गृहस्थ अस्सल बंगाली होता. तो मासिकाचाच नायक असल्यामुळे मासिकाच्या पूजा अंकातही त्याची हजेरी ओघानेच आली. नायकाची मालकी आणि सणाच्या अंकाची मालकी एकाच संपादकाकडे होती, हे त्यामागचे साधे कारण. मराठीत वेताळ एका कंपनीकडे, पुराणातले वीर दुसऱ्या प्रकाशनाकडे आणि दिवाळी अंक तिसऱ्याच संपादकांकडे राहिले.

‘किशोर’ आणि नंतर

मुलांच्या दिवाळी अंकाला सरकारी आधार मिळाला तो ‘किशोर’मुळे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे ‘बालभारती’, 1967 मध्ये स्थापन झाले. मंडळाने 1971 च्या नोव्हेंबरमध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. वसंत शिरवाडकर त्याचे पहिले कार्यकारी संपादक. नामवंत लेखक-चित्रकारांचे काम, कमी किंमत आणि शाळेमार्फत पोचण्याची सोय यामुळे हे मासिक तालुक्याच्या शाळांपर्यंत गेले. त्याचा दिवाळी अंक मुलांच्या दिवाळी अंकांत मानाचा ठरला. ‘किशोर’चे वीर म्हणजे शोध लावणारी, संकटातून वाट काढणारी साधी मुले आणि विज्ञानकथांतले प्रवासी. मुखवटा घातलेल्या नायकाला त्यात फारशी जागा नव्हती, कारण संपादकांची भूमिका शिक्षकाची होती.

चित्रपट्टीतून सण साजरा करण्याचे काम पुढे ‘चिंटू’ने केले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका 21 नोव्हेंबर 1991 पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली. चिंटू, पप्पू, मिनी आणि गल्लीतली बाकी मुले ही मराठी चित्रकथेतली बहुधा सर्वांत लोकप्रिय टोळी. दैनिकात येत असल्यामुळे ज्या दिवशी घरात फराळ, त्याच दिवशी चिंटूच्या घरातही फराळ. फटाके, सुट्टीचा अभ्यास, आईची बोलणी हे सगळे तिथीवर हुकमी येई. अमेरिकन नाताळ अंकातला घरगुतीपणा मराठीत साकारला तो इथे, आणि त्यासाठी कुणालाही उडता येण्याची गरज पडली नाही. साने गुरुजींनी 1948 मध्ये सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने 2008 पासून स्वतंत्र बालकुमार दिवाळी अंक काढायला घेतला. तो शाळांमार्फत मोठ्या प्रमाणात वाटला जातो आणि ग्रामीण मुलांपर्यंत पोचणाऱ्या मोजक्या अंकांत त्याची गणना होते.

हा सगळा इतिहास पाहता एक निष्कर्ष निघतो. मराठीने सणाचा अंक इतका भारदस्त केला, की त्याची संस्था झाली. मोठे लेखक, मोठे चित्रकार, वाचनालये आणि जाहिरातदार तिच्याभोवती जमले. पण मुलांना वर्षभर सोबत करणारा स्वतःचा नायक मराठी प्रकाशनांनी सातत्याने पोसला नाही, आणि वर्षभर नसलेला नायक दिवाळीला पाहुणा म्हणूनही येऊ शकत नाही. शिवाय अंकातली दिवाळी मुख्यतः पुण्या-मुंबईची राहिली. सेलू, सिंदी, केळझर या गावांचे गायगोधन, तान्हा पोळा आणि बकासुराची दंतकथा हे सारे साहित्य आयते उपलब्ध असूनही चित्रकथेच्या चौकटीत आले नाही. ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने संगणकावर मोफत वाचायला खुले केले आहेत. मराठी मुलांच्या दिवाळीत कोणते वीर आले आणि कोणते राहून गेले, हे कुणालाही ते चाळून स्वतः तपासता येईल.